टीएत ऑफिसर व्हायचंय? मग आधी नोकरी सोडायचा विचार सोड

प्रश्न थोडक्यात असा आहे, वय ३१, मूळचा सातारा जिल्ह्यातला, हिंजवडीत आयटीत नोकरी, लग्न झालेलं, एक मुलगी. सीडीएसच्या, म्हणजे पदवीनंतरच्या लष्करी अधिकारी भरतीच्या वेळी दोनदा एसएसबीतून, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीतून परत आलाय, अंगावर वर्दी चढवायची इच्छा अजून गेलेली नाही, आणि आता टेरिटोरियल आर्मीचा (टीए, म्हणजे आपला नोकरी-धंदा सांभाळून वर्षातला काही काळ वर्दी घालायची ती सेना) फॉर्म भरायचाय. विचारलंय की सर ही खरी आर्मी असते का, नोकरी सोडावी लागेल का, पेन्शन मिळतं का, आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळाल्यावर नेमकं काय होतं.

मी टीएत लेफ्टनंट म्हणून कमिशन घेतलं तेव्हा ३३ वर्षांचा होतो आणि एका साखर कारखान्यात इंजिनिअर होतो. लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलो. तू वयानं बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे नोकरी सोडायची नाही. तू विचारलंयस ते उलट्या टोकानं विचारलंयस. टीएत नोकरी ही अडचण नाही, ती पात्रता आहे. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की उमेदवार कमावता पाहिजे, म्हणजे नोकरी किंवा स्वतःचा धंदा किंवा वकिली-डॉक्टरकी, काहीतरी पोटापाण्याचं चालू पाहिजे. वय १८ ते ४२, पदवीधर, भारताचा नागरिक, आणि सध्या रेग्युलर आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, पोलीस, पॅरामिलिटरी यात नोकरीला नसलेला. माझ्याकडं दर वर्षी दोनतीन पोरं यायची, सर राजीनामा टाकला, आता फुल टाइम तयारी करतोय. अरे बाबा, राजीनामा टाकलास म्हणजे फॉर्मच भरता येत नाही तुला!

आता खरी आर्मी का खोटी. टेरिटोरियल आर्मी ॲक्ट १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींनी, म्हणजे आपले पहिले भारतीय गव्हर्नर जनरल, तिचं उद्घाटन केलं, म्हणून ९ ऑक्टोबर हा टीए डे. त्याच्या आधी इंग्रजांनी १९२० ला इंडियन टेरिटोरियल फोर्स काढली होतीच. काम असं ठरलेलं की रेग्युलर आर्मीला एका जागी बसून करायच्या कामातून, म्हणजे गार्ड, डेपो, पूल, ठाणी यातून मोकळं करायचं, पूर-भूकंपात सिव्हिल प्रशासनाला मदत करायची, रेल्वे-तेल असल्या सेवा बंद पडू द्यायच्या नाहीत, आणि वेळ आली की सैन्याला आख्ख्या युनिट्स पुरवायच्या. १९६२, ६५, ७१ तिन्ही वेळा टीए होती. आणि अगदी अलीकडचं सांगतो, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, ६ मे २०२५ ला सरकारनं आदेश काढला की टीए रूल्सच्या ३३ व्या नियमाखाली लष्करप्रमुख टीएच्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना बोलावू शकतात, ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ तैनात करायच्या. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा माझ्या व्हॉट्सॲपवर माझ्याच जुन्या ज्युनिअर लोकांचे मेसेज सुरू झाले, एक जण बँकेत मॅनेजर आहे, त्याची बॅग त्या रात्रीच भरून तयार होती. खरी-खोटीचं उत्तर याच्यात आलं असं समज.

आपल्याकडं टीए म्हटलं की लोकांना धोनी आठवतो. धोनी २०११ ला मानद लेफ्टनंट कर्नल झाला, कपिल देव २००८ ला, नीरज चोप्रा २०२५ ला. हे सगळं मानद, सन्मान म्हणून दिलेलं. धोनी २०१९ ला काश्मीरमध्ये जाऊन राहिला हे कौतुकाचंच, पण तुझा रस्ता तो नाही. तुझा रस्ता सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर यांचा, पायलट २०१२ ला आणि ठाकूर २०१६ ला कमिशन झाले, लेफ्टनंटपासून सुरुवात. राजकारण बाजूला ठेव, पण संसदेत बसणारा माणूस खांद्यावर दोन स्टार लावून सुरुवात करतो हे बघ. मराठी माणसाला नाना पाटेकर आठवतात, ते १९९९ ला कारगिलच्या वेळी टीएचे अधिकारी म्हणून तिकडं गेले होते.

जागा किती असतात हे ऐकून घाबरू नकोस. २०२३ च्या जाहिरातीत १९ होत्या, १८ पुरुष आणि १ महिला, २०२५ लाही १९ च. आख्ख्या देशातून. त्यामुळं "ट्राय मारून बघू" वाल्यांनी फीचे पैसे वाचवावेत. (महिलांचं म्हणशील तर २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की टीएत महिलांना बंदी घालता येत नाही, त्याच्यानंतर हा रस्ता नीट उघडला. जागा एकच हे मला पटत नाही, पण ते असो.)

लेखी परीक्षा अवघड नाही, फसवी आहे. रिझनिंग, साधं गणित, जनरल नॉलेज आणि इंग्रजी. प्रत्येक भागात ४० टक्के आणि सरासरी ५० टक्के लागतात, इथंच इंजिनिअर लोक पडतात, गणितात पैकीच्या पैकी आणि जीकेत भोपळा. दहावीपर्यंतचं गणित आणि रोजचा पेपर नीट वाच, क्लास लावायची काही गरज नाही. लेखी पास झालास की पीआयबी, म्हणजे प्रिलिमिनरी इंटरव्ह्यू बोर्ड, टीए ग्रुप हेडक्वार्टर्सला. आपल्या बाजूच्या लोकांना पुण्यातच सदर्न कमांडच्या ग्रुप हेडक्वार्टर्सला बोलावतात. मग एसएसबी, मग मेडिकल, मग पोलीस व्हेरिफिकेशन.

एसएसबी तू दोनदा बघितलीयस त्यामुळं ती पाच दिवसांची सगळी सर्कस तुला माहितेय, चित्र बघून गोष्ट, ६० शब्द प्रत्येकी १५ सेकंद, अर्ध्या तासात ६० सिच्युएशन, मग जीटीओचे, म्हणजे मैदानावर गटाची कामं घेणाऱ्या अधिकाऱ्याचे बांबू आणि ड्रम. फरक एकच, आणि तो मोठा आहे. २२ व्या वर्षी तू तिथं गेलास तेव्हा तुझ्याकडं सांगायला कॉलेजचं गॅदरिंग आणि क्रिकेट टीम होती. आता नऊ वर्षांची नोकरी आहे, घरात मूल आहे, कुणाचा तरी पगार कापला असशील, कुणाला तरी नोकरीवरून काढताना बाजूला बसला असशील, आईवडिलांचं दवाखान्याचं बघितलं असशील. तेच सांग. ३५ वर्षांचा माणूस २१ वर्षांच्या कॅडेटसारखा जोश दाखवायला लागला की बोर्डावरचे लोक ओळखतात. माझ्या बॅचला एक वकील होते, चाळिशीचे, कमांड टास्कमध्ये त्यांनी फळी हातात घेतली आणि आधी दोन मिनिटं नुसतं बघत बसले, आम्हाला वाटलं गेले हे, आणि तेच रेकमेंड झाले.

मेडिकलचं मात्र आत्तापासून बघ. आयटीवाल्यांची पाठ, मान, वजन आणि दात. एसएसबी पास झालेली माणसं मेडिकलला दातांवरून अडकलेली मी बघितलीत.

आता कमिशन. हे कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. एनडीए-आयएमए या लष्करी अकादमींत पोरगा आधी वर्षानुवर्षं घासला जातो आणि मग शेवटच्या दिवशी आईवडील त्याच्या खांद्यावर स्टार लावतात. टीएत उलटं आहे. आधी कमिशन मिळतं, थेट लेफ्टनंट, गॅझेटमध्ये नाव येतं, आणि मग शिकायला सुरुवात. पहिल्या वर्षी एक महिना बेसिक ट्रेनिंग, पहिल्या दोन वर्षांत कधीतरी डेहराडूनला आयएमएत तीन महिन्यांचं पोस्ट कमिशन ट्रेनिंग, आणि पहिल्या वर्षापासून दर वर्षी दोन महिन्यांचा वार्षिक कॅम्प.

म्हणजे काय होतं, तर पहिल्या दिवशी तुझ्या खांद्यावर दोन स्टार असतात आणि तुला काही येत नसतं. मी युनिटला पोचलो त्या सकाळी क्वार्टर गार्डपाशी सुभेदार मेजर साहेब उभे होते, २६-२७ वर्षांची सर्व्हिस, मिशा पांढऱ्या, छातीवर मेडलची रांग, त्यांनी मला कडक सॅल्यूट मारला आणि माझा हात अर्ध्यात अडकला. कोपर कुठं, बोटं कुठं, किती वेळ धरायचा, काही कळेना. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. संध्याकाळी मेसच्या मागं मला म्हणाले, साहेब, उद्या पाच वाजता पीटीच्या आधी जरा ग्राउंडवर येता का. आठ दिवस त्यांनी मला एकट्याला सॅल्यूट, टर्नआउट, हुकूम द्यायची पद्धत सगळं शिकवलं, जवान उठायच्या आत, म्हणजे माझी अब्रू राहावी म्हणून. मी त्यांचा ऑफिसर होतो आणि ते माझे गुरुजी, आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं. तुझ्या बाबतीतही असंच होणार, फक्त तू तिथं "मी ऑफिसर आहे" म्हणून अडून बसलास तर ते पाच वाजता बोलावणार नाहीत, आणि मग तू वर्षभर अर्धाच सॅल्यूट मारत राहशील.

युनिट कसलं मिळेल ते तुझ्या हातात फारसं नसतं. टीएच्या इन्फन्ट्री, म्हणजे पायदळाच्या बटालियन रेग्युलर आर्मीच्या रेजिमेंटशी जोडलेल्या असतात, आपल्याकडच्या म्हणजे पुण्याची १०१ मराठा लाइट इन्फन्ट्री, कोल्हापूरची १०९ मराठा, बेळगावला ११५ महार. काश्मीरमध्ये होम अँड हार्थ म्हणून स्थानिक लोकांच्या बटालियन आहेत. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांच्या डिपार्टमेंटल युनिट वेगळ्या, त्यात त्या खात्याचेच कर्मचारी. आणि इकॉलॉजिकल टास्क फोर्स, ही माझी आवडती, १९८२ ला मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले उतार परत हिरवे करायला पहिली उभी केली. आपल्याकडं औरंगाबादला, आताचं छत्रपती संभाजीनगर, १३६ इको महार आहे, त्यात बहुतेक माजी सैनिक. लोक हसतात, सैनिक झाडं लावतात म्हणून. मराठवाड्यात उन्हाळ्यात एक रोप जगवून दाखव मग हस.

युनिटमध्ये सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, आणि काही कायमचा स्टाफ बहुतेक वेळा रेग्युलर आर्मीतून आलेला असतो. त्यांच्यातले सगळे काही तुझ्याकडं प्रेमानं बघणार नाहीत. "दोन महिन्यांचा साहेब" हा शब्द मी कानानं ऐकलाय. त्याला उत्तर तोंडानं देता येत नाही. बीपीईटी म्हणून शारीरिक चाचणी असते, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर, ती जवानांच्या बरोबर पळायची, पुढं नाही आलास तरी चालेल, शेवटचा येऊ नकोस. रेंजवर स्वतः आडवं पडून फायर करायचं. रात्री पोस्ट चेक करायला स्वतः जायचं, ड्रायव्हरला पाठवायचं नाही. आणि कॅम्पला येणारा टीएचा जवानपण तुझ्यासारखाच असतो हे विसरू नकोस, त्याची गावाकडं शेती असते, टपरी असते, रिक्षा असते. मी एकदा एका जवानाला उशिरा आला म्हणून झापलं, तर कळलं की त्यानं सोयाबीन काढून रास घरात टाकली आणि त्याच कपड्यात एसटी पकडली. रेग्युलर सीओला हे कळायला वेळ लागतो, तुला लगेच कळलं पाहिजे, नाहीतर मग तू सिव्हिलमधून आल्याचा त्या युनिटला उपयोग काय.

पगार. ट्रेनिंगला किंवा ड्युटीला बोलावल्यावर, ज्याला एम्बॉडी होणं म्हणतात, रेग्युलर ऑफिसरसारखाच पगार मिळतो. लेव्हल १० म्हणजे मूळ ५६,१०० पासून, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई भत्ता वगैरे. पण तेवढ्याच दिवसांचा. घरी आलास की डिसएम्बॉडी, पगार बंद, परत हिंजवडी. आयटीतल्या पगाराशी तुलना करशील तर तोट्यातच जाशील, आधीच सांगून ठेवतो.

पेन्शनचं गणित तू स्वतः कर. ऑफिसरला पेन्शनसाठी २० वर्षांची एम्बॉडी सर्व्हिस लागते, म्हणजे प्रत्यक्ष वर्दीत काढलेली. वर्षाला नुसते दोन महिने धरले तर १२० वर्षं लागतील. युनिट मोठ्या काळासाठी बोलावली गेली, सलग वर्षानुवर्षं, तर काही लोकांची भरते, पण ते युनिटच्या गरजेवर असतं, तुझ्या इच्छेवर नाही. जाहिरातीतच लिहिलेलं असतं की ही पूर्णवेळ करिअर नाही आणि पेन्शनची हमी नाही. प्रमोशन लेफ्टनंट कर्नलपर्यंत ठरावीक सर्व्हिसनंतर मिळतं, कॅम्प आणि बाकीच्या अटी पूर्ण असल्या तर, पुढं कर्नल आणि ब्रिगेडियर निवडीनं. दोन कॅम्प चुकवलेस की मागचे पुढं जातात.

आणि कॅम्प चुकतात ते नोकरीमुळं, त्यामुळं आता खऱ्या दुखण्याकडं येतो. माझा कारखाना. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, बॉयलर एकदा पेटला की मार्च-एप्रिलपर्यंत इंजिनिअरला आईच्या तेराव्यालासुद्धा रजा मागायची लाज वाटते. एका वर्षी कॅम्प बरोबर डिसेंबरात आला. साहेब म्हणाले, "तुला देश वाचवायचाय की कारखाना चालवायचाय ते ठरव." त्या वर्षी मी युनिटला विनंती करून ऑफ सीझनला दुसऱ्या तुकडीबरोबर कॅम्प केला. पुढं युनिटबरोबर काश्मीरला दोन वर्षं जायची वेळ आली तेव्हा ऑफिसमधल्या लोकांनी कागद पुढं सरकवला, राजीनामा द्या, परत आल्यावर बघू. मी सही केली नाही. टीए ॲक्टचं कलम ७ए आहे, त्यात लिहिलंय की सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला सेवा संपल्यावर परत कामावर घ्यायचं, त्याची नोकरी मध्ये तुटलीच नसती तर ज्या अटी असत्या त्यापेक्षा कमी अटींवर नाही. ७बी मध्ये प्रॉव्हिडंट फंडासारख्या हक्कांचं आहे. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, वर लेखी अर्ज जोडला, आवक-जावकला शिक्का मारून पोच घेतली. दोन वर्षांनी परत आलो तेव्हा टेबल दुसऱ्याला दिलेलं होतं पण नोकरी होती. तू फॉर्म भरायच्या आधीच मॅनेजरशी बोल. कमिशन झाल्यावर पेढे आणि रजेचा अर्ज एकदम नेऊ नकोस. प्रायव्हेटमध्ये कायद्यानं नोकरी टिकते, पण अप्रेझल कायद्यानं टिकत नाही हेही ऐकून ठेव. त्या दोन वर्षांत माझे बरोबरीचे लोक चीफ इंजिनिअर झाले.

घरचं. तू लिहिलंयस की बायको म्हणते दोनच महिने ना, मग चालेल. तिला पहिल्या वर्षाचा हिशेब दाखव. बेसिक एक महिना, कॅम्प दोन महिने, आणि त्याच वर्षात आयएमएला नंबर लागला तर आणखी तीन. म्हणजे सहा महिने तू नाहीस, मुलगी लहान, आणि मध्येच युनिट बाहेर गेली तर वर्ष-दोन वर्षं. दोन महिने म्हणून होकार घेतलास आणि नंतर हे निघालं तर ते भांडण तुझ्या सीओलाही सोडवता येणार नाही.

आयएमएचे ते तीन महिने मात्र चुकवू नकोस, लवकर मागून घे. आमच्या खोलीत एक दातांचा डॉक्टर, एक रेल्वेचा ऑफिसर आणि एक हॉटेलवाला होता, सगळे तिशी ओलांडलेले, आणि पहाटे आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरं बाजूनं पळत जायची तेव्हा आम्ही झाडामागं गुडघ्याला मूव्ह चोळत बसलेलो असायचो. तिथं मला पहिल्यांदा नकाशा वाचता आला, आणि प्लाटून हातात घेतल्यावर तोंडातून निघालेला शब्द मागं घेता येत नाही हेही तिथंच कळलं.

कागदपत्रांचं सांगून थांबतो. प्रायव्हेट नोकरी आहे तर ऑफिसच्या प्रमुखाचं सर्टिफिकेट लागेल. धंदा असता तर स्टॅम्प पेपरवर उत्पन्नाचं ॲफिडेव्हिट आणि पॅन. पण आपल्या लोकांची जास्त गोची नावात होते. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव आणि आईचं नावपण, पॅनवर नुसतं इनिशियल. पीआयबीला ओरिजिनल बघतात आणि एका स्पेलिंगवरून माणूस दिवसभर व्हरांड्यात बसलेला असतो. जाहिरात यायची वाट बघू नकोस, या आठवड्यात सगळे कागद टेबलावर मांड आणि नाव एकसारखं आहे का बघ, नसेल तर गॅझेटमध्ये नाव बदलून घ्यायचं काम आत्ताच सुरू कर कारण त्याला वेळ लागतो. आणि उद्यापासून सकाळी पळायला लाग, आधी दोन किलोमीटर, बुटात.